थ्रेड: चार दिवसांचे लंडन, अडीच लाखांची यादी आणि १० किंग हेन्रीज रोड

१/ पुसदमधल्या एका घरात दिवाळीनंतर एक यादी आकार घेऊ लागली. घर जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षकाचे. थोरली मुलगी पुण्यात नोकरीला. पहिल्या तीन वर्षांच्या बचतीतून बाबांना एकदा लंडन दाखवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. प्रवासी दोन, मुक्काम चार रात्रींचा, खर्चाची मर्यादा अडीच लाख. ही यादी आणि शंभर वर्षांपूर्वी त्याच शहरात राहिलेल्या एका विद्यार्थ्याचा जमाखर्च यांची गाठ कशी पडली, त्याविषयी हा धागा.

२/ पुसदला अजून रेल्वे पोहोचलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे. त्यामुळे लंडनचा प्रवास सुरू होतो तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने. यादीची पहिली ओळ तीच होती. पुढे विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, खोलीचे भाडे, शहरातली बस, जेवण. फेब्रुवारीत पर्यटक कमी असतात, तिकिटे आणि खोल्या स्वस्त मिळतात, म्हणून महिना फेब्रुवारीचा ठरला. थंडीसाठी बाबांचा जुना लोकरी कोट पेटीतून बाहेर निघाला.

३/ व्हिसासाठी बँकेचे गेल्या सहा महिन्यांचे व्यवहार, पेन्शनची कागदपत्रे, मुलीच्या पगाराच्या पावत्या, घराच्या मालकीचा पुरावा हे सारे जमवावे लागते. माणूस परत येईल, याची खात्री परक्या सरकारला हवी असते. आयुष्यभर मुलांच्या हजेरीचा हिशेब ठेवलेल्या गुरुजींनी ही फाइल मन लावून तयार केली. पौंडाचा भाव मात्र ते रोज सकाळी पाहत आणि यादीतली एखादी ओळ खोडत. शंभराच्या पुष्कळ वर गेलेला तो आकडा त्यांना अस्वस्थ करी.

४/ आईचे म्हणणे सरळ होते. मागच्या खोलीचा स्लॅब दोन पावसाळ्यांपासून गळत होता. "एवढा पैसा लावून एक घर पाहाले जाता काय? आपल्याच घराचं आधी पाहा ना." तिने 'एक घर' म्हटले, त्याला कारण होते. यादीत राजवाडा होता, थेम्सवरचा पूल होता, घड्याळाचा मनोरा होता. परंतु बाबांनी सर्वांत वर, आपल्या अक्षरात, एकच पत्ता लिहिला होता: १०, किंग हेन्रीज रोड.

५/ उत्तर लंडनमध्ये प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीजवळ हे घर आहे. १९२१-२२ या काळात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर तेथे राहत होते. दर्शनी भिंतीवरची निळी गोल पाटी ही माहिती देते. तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात काय होते, तो काय खात होता आणि त्याच दिवसांत कशावर लिहीत होता, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या घराचा अर्थ लागतो.

६/ लंडनशी त्यांचा पहिला संबंध १९१६ चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. दरमहा साडेअकरा पौंडांची ती रक्कम. तिच्यातून शिकायचे, जगायचे आणि घरीही काही पाठवायचे. १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले.

७/ अभ्यास नुकता लागी लागत होता, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोदा संस्थानाने परत बोलावले. पैसा नसला की मुक्काम आटोपता घ्यावा लागतो, हा नियम तेव्हाही तसाच होता. १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडन सोडले. महायुद्ध चालू होते. पुस्तके आणि सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते. ते जहाज जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला रुजू होण्याच्या प्रवासाचा खर्च भागला, असे चरित्रकार सांगतात.

८/ एक गोष्ट मात्र हाती राहिली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अर्धवट राहिलेला अभ्यास पुढे चालवता येईल, अशी परवानगी लंडन विद्यापीठाने दिली होती. म्हणजे दार उघडे होते, पण तारखेपर्यंतच. यापुढची तीन वर्षे त्या तारखेच्या सावलीत गेली.

९/ बडोद्यात राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून पारशी खानावळीतूनही बाहेर काढण्यात आले. मुंबईत नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. तरीही कुटुंब परळच्या चाळीतच राहिले. पगारातला जेवढा भाग वाचवता येईल तेवढा लंडनसाठी बाजूला पडत होता. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली.

१०/ ते वर्ष धावपळीचे होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मे महिन्याच्या अखेरीस आपल्या विदर्भात, नागपुरात, बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भूषवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै १९२० मध्ये, डॉ. आंबेडकर बोटीवर चढले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर हा प्रवास होता.

११/ आता थोडे चलनाकडे वळले पाहिजे, कारण या गोष्टीचा कणा तेथे आहे. तेव्हाच्या पौंडात २० शिलिंग आणि एका शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे पौंडात २४० पेन्स. महायुद्धापूर्वी रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावलेला होता. १६ पेन्सचा एक रुपया म्हणजे १५ रुपयांचा एक पौंड. जवळजवळ वीस वर्षे हिंदुस्थानातून विलायतेला जाणारा प्रत्येक विद्यार्थी याच पाढ्याने आपला खर्च मांडत असे.

१२/ युद्धकाळात चांदी महागली. रुपया चांदीचा, नाण्यातली चांदीच नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा महाग होऊ लागली, तसा विनिमयाचा दर वर चढला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास पोहोचला, म्हणजे सात रुपयांत एक पौंड. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या मापाने दोन शिलिंगांचा दर कायम करावा, असे सुचवले. सरकारने तो टिकवण्याचा प्रयत्न केला आणि त्यात अपयशी ठरले. १९२१ उजाडेपर्यंत रुपया पुन्हा १ शिलिंग ४ पेन्सवर आणि मग त्याच्याही खाली घसरला.

१३/ याचा अर्थ एका विद्यार्थ्याच्या वहीत काय होतो, ते पाहू. ५,००० रुपये घ्या. दहा रुपयांना पौंड असेल तर त्यांचे ५०० पौंड होतात. पंधराला असेल तर ३३३. सोळाला असेल तर ३१२. रक्कम तीच, कर्ज तेच, परतफेडही तीच. लंडनमधली खोली, फी आणि जेवण यांचे मात्र कितीतरी महिने कमी झाले. डॉ. आंबेडकर लंडनला गेले ते नेमके या घसरणीच्या काळात. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले.

१४/ पुसदच्या घरात ही आकडेमोड मुलीने वहीच्या पाठपानावर करून दाखवली. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. रोज सकाळी पौंडाचा भाव पाहून आपण ओळी खोडतो, हे त्यांना आठवले असावे. ते एवढेच म्हणाले, "म्हंजे बेटा, बाबासाहेबही हेच करत होते." फरक होता. गुरुजींच्या यादीतून थेम्सवरची बोटीची सैर कमी होत होती. त्या विद्यार्थ्याच्या यादीतून दुपारचे जेवण कमी झाले होते.

१५/ चरित्रकारांनी त्या दिवसांतले खाणे नोंदवून ठेवले आहे. सकाळी घरमालकिणीकडून मिळणारा पावाचा तुकडा, थोडे तोंडीलावणे आणि चहा. मग दिवसभर वाचनालय. दुपारच्या जेवणाला पैसेही नव्हते आणि वेळही नव्हता. रात्री पुन्हा तुटपुंजे खाणे आणि वाचन. रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून त्यावर ते निभावत.

१६/ वाचनालय म्हणजे प्रामुख्याने ब्रिटिश म्युझियमचे घुमटाखालचे वाचनगृह. सकाळी दार उघडताना आत जायचे आणि संध्याकाळी बंद होताना बाहेर पडायचे. शिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते. हिंदुस्थानच्या सरकारी अहवालांचे आणि हिशेबांचे भांडार तेथे होते. हे सारे कागद वाचायला पैसे पडत नसत. अपुऱ्या पैशाच्या माणसाला लंडनने जे फुकट दिले, ते त्यांनी पुरेपूर घेतले.

१७/ आणि लेखनाचा विषय कोणता? रुपया. जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधासाठी त्यांना एम.एस्सी. मिळाली. त्यानंतर डी.एस्सी.साठी त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लिहिला. ज्या चलनाच्या घसरणीने त्यांचे लंडनमधले दिवस आखूड होत होते, त्याच चलनाचा इतिहास ते मुळापासून तपासत होते. जून १९२२ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून सनद दिली.

१८/ प्रबंधाचा गाभा थोडक्यात असा. हिंदुस्थानात तेव्हा सुवर्ण विनिमय पद्धती होती. केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची बाजू घेतली होती. डॉ. आंबेडकरांनी तिच्यावर आक्षेप घेतला. पौंडाशी दर स्थिर ठेवणे पुरेसे नाही. रुपयाने देशात किती धान्य, किती कापड मिळते, ती क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर भाव वाढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते. म्हणून चलननिर्मितीला मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

१९/ हा विचार पुढे त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे, म्हणजे १९२५-२६ च्या चलनविषयक शाही आयोगापुढे, मांडला. रुपयाचा दर उतरवला की व्यापाऱ्याचा नफा वाढतो, परंतु तो नफा पुष्कळदा मजुराच्या खऱ्या मजुरीतून निघतो, अशी त्यांची भूमिका होती. कापूस वेचणाऱ्याला मिळणारे आणे तेवढेच राहतात; त्या आण्यांत येणारी ज्वारी कमी होते. पुसदसारख्या कापसाच्या मुलखात हे उदाहरण कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

२०/ प्रबंधाचा शेवटही पैशाच्या तंगीतच झाला. पहिला मसुदा परीक्षकांना तीव्र वाटला. फेरलेखन करण्यास सांगण्यात आले. त्यासाठी लंडनमध्ये राहण्याइतके पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, तेथून सुधारलेला प्रबंध पाठवला आणि वर्षअखेरीस तो स्वीकारला गेला. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने काढला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे: शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दलच्या कृतज्ञतेची.

२१/ या साऱ्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. लंडनमध्ये एक पौंड वाचवला जात होता, तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई मुलाबाळांसह संसार ओढत होत्या. मिळकत थांबलेली, घरात खाणारी माणसे अनेक, आणि परतीची तारीख अनिश्चित. किंग हेन्रीज रोडवरच्या पाटीवर एकच नाव मावते. त्या मुक्कामाची किंमत मात्र दोन घरांनी मिळून चुकती केली होती. हे ऐकल्यावर आईने स्लॅबचा विषय पुन्हा काढला नाही, तिने विचारले, "अन् ते काय खात होते म्हणता तिथं?"

२२/ त्या संध्याकाळी यादी नव्याने लिहिली गेली. राजवाडा बाहेरून, मनोरा पुलावरून. तिकिटाच्या जागा खोडल्या. पहिला दिवस किंग हेन्रीज रोडचा: चॉक फार्म स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर. दुसरा ब्रिटिश म्युझियमचा, प्रवेश विनामूल्य. तिसरा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनचा. संस्थेत डॉ. आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. ग्रेज इनमध्ये २०२१ पासून एका दालनाला त्यांचे नाव आहे. म्युझियम, संस्था आणि इन ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत.

२३/ किंग हेन्रीज रोड ते म्युझियम हे अंतर सुमारे चार किलोमीटर. गुरुजींनी ते जाताना बसने आणि येताना जमेल तेवढे पायी काटायचे ठरवले. लंडनमध्ये बस भुयारी रेल्वेपेक्षा स्वस्त पडते, आणि एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच लागते. घर पाहायला जाणाऱ्यांनी उघडण्याचे दिवस आणि वेळा निघण्यापूर्वी तपासून घ्याव्यात, ही सूचना इतर वाचकांसाठी.

२४/ ते घर आज पाहायला मिळते, यामागेही एक लढा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचे उद्घाटन झाले. निवासी भागात संग्रहालय नको, म्हणून स्थानिक कॅम्डन परिषदेने परवानगी नाकारली. सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला. जागेसाठी झगडावे लागणे, हे त्या नावाला नवे नव्हते.

२५/ पैशाचा प्रश्न अखेर कसा सुटला? गुरुजींनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली. ऑक्टोबर १९५६ मध्ये ते पुसदहून नागपूरला दीक्षेसाठी गेले होते. निंदणीची मजुरी आठवडा-आठवडा साठवून त्यांनी वाटखर्च जमवला. भाकरी बरोबर बांधून घेतली. काही वाट गाडीने, काही पायी. तेव्हाही घराचे छप्पर गळतच होते. "बाबा गेले नसते तर छप्पर नीट झालं असतं," गुरुजी म्हणाले, "पण मी शाळेत गेलो असतो का, ते सांगता येत नाही."

२६/ मुलीने हिशेब पुन्हा मांडला. चारऐवजी तीन रात्री. वाचलेले पैसे आणि तिचा एक महिन्याचा पगार स्लॅबला. काम उन्हाळ्यात, पावसाळ्याआधी. आईने यावर मान डोलावली. तिकिटे काढली गेली. सामानाच्या यादीत औषधे, कोट, कागदपत्रांची फाइल, चिवडा आणि सर्वांत शेवटी, आईच्या हस्ताक्षरात, एक नोंद वाढली: उडदाचे पापड, एक पुडकं.

२७/ इतिहास वाचताना थोरांच्या पदव्या मोजल्या जातात. त्या पदव्यांच्या मागची खर्चवही क्वचित उघडली जाते. ती उघडली तर कळते की रुपयाचा भाव हा केवळ बाजाराचा आकडा नसतो. कोण किती दिवस शिकू शकेल, कोण अर्ध्यावरून परतेल, हे त्यावर ठरते. हे जाणणाऱ्या माणसाने रुपयावर ग्रंथ लिहिला. त्याचे घर पाहायला जाणाऱ्यांनी पौंडाचा भाव पाहत, ओळी खोडत, तीन रात्रींपुरतेच जावे, यात कमीपणा काहीच नाही.

(धागा समाप्त)